ओव्याची धुरी

त्या उन्हाळ्यात आमच्या शेतामागचा डोंगर दहा-बारा दिवस जळत होता. वणवा आम्हाला नवा नाही. दरवर्षी होळीनंतर कुणीतरी गवत पेटवतं. काडी टाकणारा कधी सापडत नाही, पण जाळल्यावर पावसाळ्यात गवत जोमानं येतं असं सांगणारे गावभर सापडतात. डोंगर पेटला की घरटी एकानं ओली फांदी घेऊन वर जायचं आणि आग झोडपून काढायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरातून वडील जायचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. मी नोकरीमुळे शहरात, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहणारा, त्यामुळे माझ्या वाटणीची आगही त्यांनीच झोडपली.

दमा असूनही त्या वर्षी ते दोन दिवस वर गेले. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "खाली आलेत ते, पण बोलता येत नाय त्यांना. लय धाप लागलीय."

मी गाडी काढली. दादा वांग्याच्या वाफ्याशी बसले होते, भुवया करपलेल्या. डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली आणि सांगितलं, आधी यांना धुरातून बाहेर काढा. म्हणून मी दोघांना शहरात आणलं. गाडीत बसताना दादांनी विचारलं, "झेंडूला पाणी कोण देईल?"

"मेला तर मेला झेंडू," मी म्हणालो. या वाक्याची मला अजून लाज वाटते. त्यानंतरच्या गोष्टींचं मात्र फारसं काही वाटत नाही, आणि ते बरं लक्षण नाही हेही मला कळतं.

धूर आमच्या मागोमाग शहरात आला. सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी दिसायची. सोसायटीच्या ग्रुपवर लोक आधी कचरा जाळणाऱ्यांना शिव्या देत होते. मग कुणीतरी जळत्या डोंगराचे फोटो टाकले आणि सगळे एका दिवसात निसर्गप्रेमी झाले. मी दादांच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, फटींत ओले पंचे कोंबले, करोनातले मास्क शोधून काढले. आपण बापाला वाचवलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "छाती भरलीय त्यांची. धुरी द्यायला पाहिजे."

धुरी द्यावी तर आईनंच, असं आमच्या गावात म्हणतात. कितीतरी बाळंतिणींना आणि बाळांना तिनं धुरी दिली आहे. गोवरीचा निखारा, त्यावर ओवा आणि लसणाच्या साली, वर कापराची वडी. लहानपणी माझी छाती भरायची तेव्हा मीही त्याच वासात झोपलोय. गोवऱ्या तिनं येताना पिशवीत घातल्याच होत्या. मी गॅसवर गोवरी पेटवली, धुपाटण्यात घातली आणि खोलीत नेऊन ठेवली.

मी शिकलेला माणूस आहे. ऑफिसात लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणं हेच माझं काम. पण धुरापासून वाचवायला आणलेल्या माणसाला आपण बंद खोलीत धूर देतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोंगरावरचा धूर वाईट होता, आणि हा तर आईच्या हातचा होता. बायकोनं एकदा खिडकी किलकिली केली. मी उठून ती लावली, वर तिला चार शब्द सुनावले.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ धुरी चालली. दादांचा खोकला वाढला. आई म्हणायची, "कफ सुटतोय." मलाही तसंच वाटलं. एकदा दादा तिला म्हणाले, "पुरे कर आता." लहान मुलाला समजवावं तशी ती म्हणाली, "झालंच, थोडं राहिलंय."

पाचव्या दिवशी दुपारी त्यांचे ओठ निळे पडले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही जाळत होतात का? मी सांगितलं. ते आवाज न चढवता म्हणाले, "त्यांना ते अजिबात चालणार नव्हतं हो." मी मान हलवली. बाहेर बाकावर आई बसली होती. "काय म्हणले?" तिनं विचारलं.

"डोंगराच्या धुरानं झालं म्हणाले."

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी दादा गेले. मला रडू आलं नाही. तेराव्यापर्यंतचं सगळं मी नीट पार पाडलं, आल्यागेल्याला चहा विचारला. डोंगर केव्हा विझला ते मला आठवत नाही. आई आमच्याकडेच राहिली. एक दिवस मेथी निवडता निवडता, वर न बघता तिनं विचारलं, "माझ्या धुरीनं तर नाय ना काही झालं?"

"नाही गं," मी लगेच म्हणालो. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. खोटं बोललो ते बरंच झालं, असं मला वाटलं.

जूनच्या शेवटी माझ्या लेकीला खोकला झाला. ऑफिसातून आलो तर जिन्यातच ओव्याचा वास. आत लेक पलंगावर पांघरूण घेऊन बसलेली, खिडकी बंद, आणि आई तिच्यासमोर धुपाटणं धरून उभी. मला बघून म्हणाली, "ये, बैस. तू पण घे जराशी."

मी धुपाटणं तिच्या हातातून घेतलं आणि मोरीत नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग येऊन खिडकी उघडली. आई मंद डोक्याची बाई नाही. ती नातीच्या शेजारी बसली.

"मग दादांच्या वेळी का नाय ओतलंस पाणी?" तिनं विचारलं.

दादांच्या वेळी निखारा विझू नये म्हणून त्यावर फुंकर मीच घालत होतो.