भैय्याजीचं पोट

ताराचंदकाका, म्हणजे माझ्या बाबाचा लहान भाऊ, अजिबात गोड माणूस नाही हे आधीच सांगून टाकते. लग्नात जेवायले बसला तरी लोकांची अंगंच पाहत राहते. माझ्या मावशीले भर पंगतीत म्हणाला, "वंदना, तुही मान खांद्यात घुसून राहिली वं." मावशी ताटावरून उठून गेली. पण काका पुतळा असा करते की पाठीकडून पाहिला तरी माणूस ओळखू येते.

लकडगंजमध्ये भैय्याजीच्या लाकडं कापायच्या आरामशीनमागे त्याचंच टिनाचं शेड आहे. काका तिथंच पुतळे करते, तिथंच झोपते. लग्न केलं नाही, कोण करन याच्याशी! शेड गेलं तर काका रस्त्यावर, इतकं साधं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात ना, ज्याचा राग आला त्याचा पुतळा मिरवायचा अन् शेवटी जाळायचा, तर यंदा मंडळानं काकाले भेसळवाल्याचा बडग्या सांगितला. तोंडाले मुखवटा लागणार होता, म्हणजे अंग कसंही चाललं असतं. बाकीचे लोक पोत्यात तणस भरतात, झालं काम. पण याले खरं पोट पाहिजे! अन् रोज सकाळी बनियनवर डोळ्यासमोर फिरणारं पोट कोणाचं, तर शेडच्या मालकाचं.

पोळ्याच्या दिवशी मी शेडात गेली तर भैय्याजी बडग्यासमोर लालबुंद होऊन उभा. मशीनवरचे सगळे पोट्टे खिदळून राहिले होते. बडग्याले अजून डोकंच नव्हतं, तरी सगळ्यांनी ओळखलं!

"काहून गा ताराचंद, माह्या शेडात बसून मलेच जाळतं?"

"तुमचं तोंड कुठं आहे त्याच्यात?"

"तोंडाचं सोड. पोट काप. नाहीतर आजच शेड खाली कर."

"पोट बरोबर आहे."

मी काकाच्या कानात म्हटलं, काप ना बाप्पा, उद्या जळणारच आहे ते! त्यानं माझ्याकडं इतक्या रागानं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरकली. मग करवत घेतली अन् कागदाचा लगदा, तणस, सगळं पोट कापून खाली पाडलं. मले वाटलं सुटलो.

पण मोठ्या पोटाचा माणूस तोल सांभाळाले मागे कलून उभा राहते ना. पोट गेलं, कलणं तसंच राहिलं. पाय फाकलेले, छाती वर, नुसता माज! पोट्टे तर भुशात लोळून राहिले. एक ओरडला, "आता तर डिट्टो भैय्याजी!"

"पाठ सरळ कर," भैय्याजी दात खाऊन म्हणाला.

"बांबू आहे, मोडन. अन् तुमची तरी होते का सरळ?"

झालं! एक वाक्य गिळता येत नाही या माणसाले, एक! भैय्याजीनं साचे बाहेर फेकले, शेडले कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी बडग्या तसाच बिनापोटाचा निघाला अन् जळला.

काका आता आमच्या गच्चीवर राहते. आई चिडली, बाबा चिडले. भैय्याजीचा निरोप आला, सॉरी म्हण अन् चाबी घेऊन जा. मी म्हटलं, काका, जा ना गा.

"शेड गेलं चुलीत," तो माझ्यावरच खेकसला. "तू म्हटलं म्हणून कापलं मी पोट. चुकीचं अंग जळलं माह्या हातचं, तुह्यामुळं."

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मीही नाही बोलणार. राहा म्हणा गच्चीवर.