टेबलाखालचा एलवुड

हॅकर म्हटलं की हल्ली लोक खिसा चाचपतात. पेपरवाल्यांनी त्या शब्दाचं वाटोळं केलं, दुसरं काय! आमच्या आगगाडी क्लबात ज्या कामात डोकं लागतं, मजा येते आणि पोटापाण्याला ज्याचा काडीचा उपयोग नसतो, त्याला हॅक म्हणायचे. बस, एवढंच. एलवुड प्रेंटिस हा त्या अर्थानं अस्सल हॅकर होता, आणि त्यानं जन्मात कधी कॉम्प्युटरला बोट लावलं नाही. हे सांगून सांगून मी थकलो. आता एकदाचं लिहून टाकतो आणि सुटतो.

आमचा क्लब अमेरिकेतल्या केंब्रिजला, इंजिनियरिंगच्या संस्थेतल्या एका लाकडी इमारतीत होता. महायुद्धाच्या धांदलीत उभी केलेली इमारत. लढाई संपली तरी ती पाडायचं कुणी मनावर घेतलं नाही. खोलीभर एकच टेबल. त्यावर डोंगर, बोगदे, खेडी, आणि बोटाएवढे डबे ओढत फिरणारी इंजिनं. क्लबात जाती दोन. वरची जात डोंगर रंगवायची, डब्यांवर मुंगीएवढी अक्षरं काढायची. खालची जात टेबलाखाली उताणी पडून तारा जोडायची. वरचे खालच्यांना घुशी म्हणत, खालचे वरच्यांना रंगारी. मी तिथल्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, रॉस्को व्हिटकोम. दोन्ही जातींना माझी कॉफी चालायची.

एलवुड टेबलाखालचा. संस्थेत शिकायला आला होता, पण तारांच्या नादात गणितात आपटला, पुन्हा आपटला, आणि संस्थेनं त्याला नारळ दिला. मग चौकातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. लग्न नाही, गोतावळा नाही. भाड्याची एक खोली, तिथे फक्त झोपायचं. दुकान बंद झालं की गडी क्लबात हजर. तिथे त्याला कुणी कधी विचारलं नाही की बाबा, तू आता विद्यार्थी आहेस का. तार नीट जोडतोस ना, मग ये.

अख्ख्या यार्डाचे सांधे, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे, एलवुडच्या तारांवर चालायचे. गाडी कुठे आहे आणि कुठे न्यायची, एवढी दोन बटणं दाबा. मधले सगळे सांधे आपोआप बदलणार. त्यासाठी त्यानं टेलिफोन एक्स्चेंजमधून टाकून दिलेले रिले आणले होते, विजेवर उघडझाप करणारे खटके. टेबलाखाली ते ओळीनं बसवले होते आणि तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्यानं अशा आवळल्या होत्या, की हात फिरवावासा वाटे. कित्येक वर्षांच्या संध्याकाळी होत्या त्यात.

मग शेजारच्या इमारतीत तो कॉम्प्युटर आला. एकेक करून खालची पोरं तिकडे पळाली. सवय इथलीच नेली म्हणा! इथे एक रिले वाचवायला आठवडा घालवायचे, तिथे प्रोग्रामची एक ओळ वाचवायला घालवू लागले. त्यांतला हुशार म्हणजे मॉर्टी ऑस्ट्रॉव. तो एलवुडला म्हणायचा, "म्हातारबा, चल की मशीनवर. किती दिवस घुशीसारखा राहणार?"

एलवुड तेव्हा जेमतेम तिशीचा. तो म्हणायचा, "तुमच्या त्या कपाटाला एक डबा तरी ढकलता येतो का? मग कशाला येऊ?"

त्याच मॉर्टीनं यार्डाची जुळणी नव्यानं मांडली. एलवुडच्या जुळणीशेजारीच, निम्म्या रिल्यांत! कुणाला विचारलं नाही, कारण आमच्याकडे विचारायची पद्धतच नव्हती. पद्धत होती ती अशी. जुनं काम ज्याचं, त्यानंच नवं तपासायचं. दुपारभर वाट्टेल ते करून ते पाडून दाखवायचं. पडलं, तर नवं उखडायचं. नाही पडलं, तर जुन्याच्या मालकानं आपल्या तारा आपल्या हातानं कापायच्या. वर तोंड पाडायचं नाही. ही पद्धत एलवुडनंच घातली होती आणि तिच्या जोरावर भल्याभल्यांना आपापल्या तारा कापायला लावल्या होत्या.

शनिवारी तपासणी ठरली. सकाळीच तो माझ्याकडे आला. पाण्याचा ग्लास घेतला, प्यायला नाही.

"रॉस्को, हे गेलं तर माझ्याकडे उरतं काय रे?"

"वेड्यासारखं बोलू नकोस. नवीन काहीतरी कर."

"काय करू? टेबलाखाली आता करण्यासारखं काही शिल्लक नाही. आणि करायचं कुणाबरोबर?"

मी ओरडलो. "मग पाड की ते! त्या पोराचं काम पाड आणि हो मोकळा!"

दुपारी खोली गच्च भरली. रंगारीसुद्धा झाडून आले. एलवुड बटणांपुढे बसला. एका रुळावर दोन गाड्या बोलावून बघितल्या, उलट्या नेल्या, मध्येच वीज तोडली. मॉर्टीचं काम ढिम्म हललं नाही. एलवुडचा शर्ट पाठीला चिकटला. आणि मग त्यानं काय केलं, तर गाडी ऐन सांध्यावर असताना हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्याच रुळाचं बटण दाबलं. गाडीखालचा सांधा खटकन हलला. इंजिन एका रुळावर, डबे दुसऱ्यावर. कोळशाच्या वाघिणी रंगवलेल्या तळ्यात कोसळल्या.

एकच गलका झाला. रंगारी तर नाचायचे बाकी राहिले. मी एलवुडच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलास, गड्या!" तो हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मॉर्टी पोरगा सरळ. म्हणाला, "पडलं. उखडतो." पक्कड घेऊन टेबलाखाली शिरला.

"थांब जरा," एलवुड म्हणाला आणि त्याच्या मागोमाग शिरला. बाहेर नुसते दोन जोडी बूट दिसत होते. आतून आवाज येत होता.

"गाडी सांध्यावर आहे हे हा रिले ओळखतो ना? मग त्याची ही रिकामी बाजू इथे आण. गाडी निघून जाईपर्यंत सांध्याला कुलूप."

"एका तारेत?"

"एका तारेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकून ओरडलो, "एलवुड, गाढवा, बाहेर ये! जिंकलायस तू! त्याचं त्याला उखडू दे!"

"टॉर्च धर इकडे," तो म्हणाला. "माझा बाप वुस्टरला रेल्वेत सांधेवाला होता. गाडीखाली सांधा हलवायचा नाही, हे बाळकडू आहे माझं. हे असं टाकून मी झोपू कसा?"

"म्हणून तर उखडायचं ना!"

"इतकं सुरेख काम? उखडायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

मी टॉर्च धरला. न धरून करतो काय?

तार जोडली. वर येऊन त्यानं पुन्हा तोच खेळ केला, सगळ्या रुळांवर केला. सांधा जागचा हलला नाही. मॉर्टीनं आधी त्या तारेकडे, मग एलवुडकडे बघितलं आणि म्हणाला, "हा खरा हॅक." आमच्यात याहून मोठी शाबासकी नव्हती. मग त्यानं घड्याळ बघितलं. मशीनवर त्यांची पाळी लागली होती. चुकली तर दुसरा कुणी बसला असता. खालची सगळी पोरं कोट उचलून त्याच्यामागे गेली. इतकं सुरेख काम, पण त्यावर एक गाडी फिरवून बघायलासुद्धा कुणी थांबलं नाही. रंगारी तळ्यातल्या वाघिणी वेचून, फुटलेला काठ चिकटवून घरी गेले.

नवं आता पडत नव्हतं, म्हणून पद्धतीप्रमाणे एलवुडनं आपले मेणाचे दोरे सोडले आणि तारा कापायला घेतल्या. मी शेजारी पडून उजेड दाखवत होतो. कापलेली जुडी तो बाजूला नीट ठेवायचा, जणू पुन्हा लागणार आहे. मला त्याचा राग येत होता, मॉर्टीचा येत होता, त्या मेल्या पद्धतीचा येत होता.

"गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला आणि कापत राहिला.

शेवटची तार कापून झाली. दोघेही उठलो नाही. शनिवारच्या रिवाजाप्रमाणे घरी माझ्या बायकोनं, युनिसनं, काकवीतला राजमा लावला असणार. मी म्हटलं, चल जेवायला. तो वर टेबलाच्या मोकळ्या फळीकडे बघत होता.

"सोमवारी सहाला दुकान बंद होतं," तो म्हणाला. "त्यानंतर माणसं काय करतात रे?"

"घरी जातात," मी म्हटलं. "जेवतात, झोपतात."

"एवढंच?"

"एवढंच."