देवीखालची फळी

जुनी होडी विकत घ्यायला आम्ही गेलो होतो. समुद्रात ती माझा भाऊ नेणार होता, म्हणून मी हातोडीने एकेक फळी ठोकून बघत होते. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. होडीचा मालक हसत मागे मागे फिरत होता. ते हसू पहिल्यापासूनच माझ्या डोक्यात जात होतं.

पुढच्या टोकाशी ताज्या रंगात देवी काढली होती. मी हातोडी उचलताच तो ओरडला, "ओ ताई, तिथे नको! देवी आहे ती!"

भावाने लगेच हात जोडले. माझाही हात थबकला, आणि त्याचाच मला संताप आला. जिथे हात जोडायला लावतात, तिथे आपण ठोकून बघत नाही. घरात नाही, गावात नाही. हे असल्या माणसांना पक्कं ठाऊक असतं.

मी देवीला नमस्कार केला आणि पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्या पायांखाली टेकवला. पिकल्या चिकूत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"देवी सांभाळते हो," तो तसाच हसत पुटपुटला.

"मग आधी तुम्ही जाऊन या हिच्यातून."

तेव्हा कुठे त्याचं हसू मावळलं.