हरिश्चंद्राचा वर राहिलेला हात

आमच्या मिठबावच्या हरिश्चंद्राने आयुष्यात कुणाला आशीर्वाद दिला नाही. कुणी पायाशी वाकलं तर म्हणायचा, "उठ, कंबर दुखात." असला खडूस! पोटच्या मुलीलाही सोडलं नाही. संचिताने कसालच्या मुलाशी आपल्या मनाने लग्न जमवलं. सासरी निघताना ती वाकली, तर याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मी शेजारी, तिथेच उभा होतो. अस्सा राग आला म्हणून सांगू!

दोन वर्षांनी, २००३च्या मे महिन्यात, हा आंब्यावरून पडला. खांदा मोडला. डॉक्टरांनी छातीपासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं, तेही उजवा हात कोपरात वाकवून, पंजा वर, तळवा पुढे. थेट कॅलेंडरातला देव! सहा आठवडे असंच राहायचं म्हणे.

मग काय विचारता! रस्त्याला उभा राहिला की एसटी थांबायची. "चढताय की नाही?" कंडक्टर खेकसायचा. ग्रामसभेत ठरावाच्या बाजूने याचा हात वर, विरोधातही वर. ग्रामसेवकाने कपाळ बडवून घेतलं. त्यात मासे विकणाऱ्या काशीबाईने एका सकाळी गंमत म्हणून त्याला नमस्कार केला, आणि दहाच्या आत तिची टोपली रिकामी. झालं! दुसऱ्या दिवसापासून अंगणात रांग.

"अरे, हात मोडलो आसा माजो!" हा बोंबलायचा.

"व्हय, व्हय," म्हणत लोक वाकायचे.

त्याची बायको शेवंती हे सगळं बघत होती. एक दिवस तिचा बांध फुटला. "अख्ख्या गावाक आशीर्वाद, आणि माज्या चेडवाक कित्याक नाय?" तिने लेकीला बोलावूनच घेतलं.

संचिता आली. सातवा महिना लागलेला. पायरी न चढता अंगणातच थांबली. वाकायला गेली, पण पोटामुळे वाकता येईना. हा वर ओट्यावर, हात हवेत. रांगेतलं कुणी हलेना. मला वाटलं, आता हा पाठ फिरवून आत जातो.

पण हरिश्चंद्र पायऱ्या उतरला. हात काही खाली येईना, म्हणून त्याने गुडघे वाकवले, मग अख्खाच एका अंगावर कलंडला. प्लास्टरबाहेरची बोटं तिच्या केसांना टेकली, आणि तोल गेला.

"धर गो माका, पडतंय मी!"

संचिताने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दोन वर्षांत तो तिच्याशी बोलला, ते हे एवढंच.