बंद न पडलेली गाडी

उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला आम्ही दोघं रस्त्याच्या खाली उतरलो, तेव्हा आमच्या गल्लीतल्या मच्छिंद्रभाऊंचा फेटा सुटला. त्यांनी तो चालता चालताच पुन्हा डोक्याला गुंडाळला. "वहिनी, तुमी हळूहळू या. मी फुडं हुतो," असं ते म्हणाले, पण मला सोडून काही पुढं गेले नाहीत. लांब कुठंतरी लाऊडस्पीकरवर सनई लागली होती. वारं आलं की ऐकू यायची, नाहीतर नाही. लॉन्स अजून नजरेत येत नव्हतं.

लग्न त्यांच्या भाचीचं, सृष्टीचं. कोपरगावच्या अलीकडं रस्त्याला लागून मोठं लॉन्स झालंय, तिथं. मच्छिंद्रभाऊ तिचे एकुलते एक सख्खे मामा. आपल्याकडं नवरीला मंडपात मामानं आणायचं असतं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं मामानंच उभं राहायचं असतं. त्या एका कामासाठी हा माणूस पहाटेच अंघोळ करून, फेटा बांधून ओट्यावर येऊन बसला होता. आणि मुहूर्त तोंडावर आलेला असताना आम्ही भर उन्हात पायी चाललो होतो, कारण त्यांची गाडी लॉन्सच्या आत घेतली नव्हती.

मला तर ते अजून खरं वाटत नव्हतं. गेटवर सुटाबुटातले दोघं उभे होते, कानात वायर घातलेले. एकानं वाकून आधी गाडीचं लाल दार पाहिलं, मग आम्हाला पाहिलं.

"केटरिंगची गाडी मागच्या गेटनं."

"केटरिंग न्हाई. मुलीचा मामा हाय मी."

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. एकजण बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा आमच्या डोळ्याकडं बघेना. "काका, ड्रोननं शूटिंग चालू आहे. एन्ट्रीला ही गाडी दिसायला नको म्हणतात. लांब लावा जरा."

"कोण म्हणतंय?" मी विचारलं.

"वरून सांगितलंय."

आत अर्धं मैदान रिकामं दिसत होतं. मागून एका उंच गाडीनं हॉर्न दिला. मच्छिंद्रभाऊ गाडी मागं घ्यायला लागले. मला म्हणाले, उतरा, तुमी जा आत. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर आले, तुमच्याबरोबरच जाईन. रस्त्याच्या कडेला लावायला गेलो तर तिथंही त्यांचाच माणूस, म्हणे वरातीचा रस्ता आहे. पेट्रोल पंपवाल्यानं हात हलवून हाकललं. शेवटी बऱ्याच पुढं एक मारुतीचं देऊळ लागलं, तिथं लिंबाखाली गाडी लावली. देवळाशेजारच्या घरातून एक म्हातारी फुटकी बादली घेऊन बाहेर आली नि म्हणाली, "भंगार घेता न्हवं?"

मच्छिंद्रभाऊ हसले. "आज न्हाई मावशी. आज लग्नाला चाललोय."

म्हातारीनं गाडीकडं पुन्हा एकदा बघितलं. "हिच्यात बसून?" असं विचारून ती बादली घेऊन आत गेली.

केडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मच्छिंद्रभाऊंची पिठाची गिरणी आहे. त्यांची गाडी मारुती एट हंड्रेड, मूळची निळी. एका बाजूचं दार कधीतरी ट्रकनं चेमटवलं, तर त्यांनी दुसऱ्या गाडीचं लाल दार आणून बसवलं. रंग का नाही दिला विचारलं तर म्हणाले, "दार लागतंय नीट. रंगानं काय लागनार?" ज्या बायकांना डबा उचलून गिरणीपर्यंत येववत नाही, त्यांची दळणं ते या गाडीतून आणतात आणि पोचवतात. त्यामुळं गाडीत सगळीकडं पीठ. कोणीही बसलं की मागून पांढरं होऊन उतरणार. आमचे हे, नृसिंहराव, एकदा ऑफिसच्या कार्यक्रमाला त्यांच्या गाडीतून गेले आणि दिवसभर खुर्चीतून उठलेच नाहीत.

मच्छिंद्रभाऊंना दुसरी गाडी घेणं जमलं नसतं असं नाही. गिरणी बरी चालते, वर मजला चढवलाय. पण चालती वस्तू टाकायची कशाला, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. लोक बोलतात. गल्लीतली मुलं गाडीला "कणीक" म्हणतात. ते स्वतःसुद्धा म्हणतात, "थांबा, कनीक काढतो."

सृष्टी कॉलेजला नगरला होती तेव्हा मामाकडंच राहिली. परीक्षेच्या दिवशी मामा तिला या गाडीतून सोडायचे आणि गेटजवळ उतरल्यावर स्वतःच्या रुमालानं तिची ओढणी झटकून द्यायचे. संध्याकाळी ती माझ्याकडं देवीचं स्तोत्र म्हणायला यायची. म्हणून तर मी या लग्नाला निघाले. निघताना मच्छिंद्रभाऊंची आई, झुंबरबाई, खाटेवर उठून बसल्या. त्यांना आता चालता येत नाही. मला म्हणाल्या, "तू डोळं भरून बघ आन मला येऊन सांग. माझा मच्छिंदर पोरीच्या मागं उभा ऱ्हायलेला कसा दिसतो ते सांग." गाडी राहुरी, कोल्हार, राहाता करत आली, कुठं एकदा खोकली नाही. शिर्डीला आम्ही चालत्या गाडीतूनच हात जोडले.

सनई थांबली. आता लॉन्सची कमान दिसायला लागली होती. स्पीकरवरून स्पष्ट आवाज आला, "नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावं."

मच्छिंद्रभाऊ पळायला लागले. साठीला आलेला माणूस, एका हातानं फेटा धरलेला, दुसऱ्या हातात चपला, कारण पळताना त्या निसटत होत्या. मी देवाचं नाव घेत त्यांच्या मागं, जमेल तशी. गेटवर आता कोणी अडवलं नाही. गाडी नव्हती ना आमच्याबरोबर.

मी मंडपाच्या तोंडाशी पोचले तर ते तिथंच थांबलेले. वाटलं दम लागला असेल. मग मी समोर पाहिलं. फुलांच्या चादरीखालून सृष्टी चालली होती आणि तिच्या दंडाला धरून चालले होते सूर्यभानराव. साळूबाईचे, म्हणजे सृष्टीच्या आईचे, चुलतभाऊ. रस्त्यांची कंत्राटं घेतात, दोन वर्षांपासून निवडणुकीची तयारी चाललीय. गेटवर आमच्या मागं हॉर्न देणारी उंच काळी गाडी त्यांचीच होती. "मुलीचे मामा, माननीय सूर्यभानराव," असं स्पीकरवाला दोनदा म्हणाला.

चूक झाली असेल, आत्ता कोणाच्या तरी लक्षात येईल, असंच मी धरून चालले. मच्छिंद्रभाऊंना म्हटलं, "अहो जा ना पुढं." त्यांनी मान हलवली. मंगलाष्टकं सुरू झाली. आईनं पुडीत बांधून दिलेल्या अक्षता त्यांनी शेवटच्या रांगेतून टाकल्या. तिथून त्या पुढच्या खुर्च्यांपर्यंतही पोचल्या नाहीत.

मग जेवणं. पंगतीला बसायला जातोय तोवर साळूबाईच्या सासरचे एक पाहुणे, सहादेवराव, समोर आले आणि त्यांनी मच्छिंद्रभाऊंच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या हाताला पीठ लागलं, ते त्यांनी हसत हसत सगळ्यांना दाखवलं.

"काय मच्छिंद्रराव, दगा दिला म्हणं गाडीनं. बंद पडली वाटंत?"

"ईका आता ती," दुसरं कोणीतरी म्हणालं. "भाचीच्या लग्नाला वेळंवर पोचवंना ती गाडी काय कामाची?"

"ईकून कोन घेतंय? गिरनीला जोडा, दळान तरी निघंल."

सगळे हसले. मी चक्रावून गेले. गाडी बंद पडली, हे यांना कोणी सांगितलं? गाडी तर लिंबाखाली धडधाकट उभी होती. मी तोंड उघडणार तोच मच्छिंद्रभाऊ म्हणाले, "व्हय, ईकायलाच पायजेल."

मला ते सहन झालं नाही. करण, सृष्टीचा मोठा भाऊ, पाहुण्यांना काय हवं-नको बघत फिरत होता. त्याला बाजूला घेतलं. "करण, मामांची गाडी बंद पडलेली नाही बाबा. आम्ही मुहूर्ताच्या कितीतरी आधी गेटवर होतो. तुमच्या लोकांनी गाडी आत घेतली नाही."

त्याला आश्चर्य वाटेल, तो चिडेल, गेटवरच्यांना बोलावून घेईल, असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त इकडंतिकडं बघितलं. "काकू, हळू बोला. गेटवरून मलाच फोन आला होता."

"मग?"

"मग काय काकू. मी मामांना महिनाभर आधी सांगितलं होतं, एसटीनं या, नाहीतर मी गाडी पाठवतो. ऐकलं नाही. मुलाकडची माणसं बघताय ना तुम्ही कशी आहेत? ती गाडी गेटात शिरली असती आणि त्यातून मागून पांढरे झालेले मामा उतरून थेट मंडपात. व्हिडिओ जन्मभर राहतो, काकू. सूर्यभानमामा पण मामाच आहेत की."

"आणि गाडी बंद पडली, हे कोणी सांगितलं सगळ्यांना?"

"काहीतरी सांगावं लागतंच," तो म्हणाला. "सृष्टी अडून बसली होती. मामा आल्याशिवाय निघणार नाही म्हणत होती."

म्हणजे त्या मुलीलाही तेच सांगितलं होतं. मी साळूबाईकडं पाहिलं. ती चार पावलांवर उभी होती, सगळं ऐकत. ज्या भावानं तिची मुलगी तीन वर्षं घरात ठेवली, त्याच्याबद्दल हे चाललं होतं. ती पुढं आली आणि मला म्हणाली, "ताई, दादाला गोड वाढायला सांगते. तुमी बी बसा." एवढंच. तिचे डोळे लाल झाले होते, पण मुलापुढं तिनं शब्द काढला नाही. मी आयुष्यात पुष्कळ लग्नं पाहिली. मानपानावरून रुसवेफुगवे पाहिले, ताटं भिरकावलेली पाहिली. पण घरच्यांनीच ठरवून सख्खा मामा बाहेर ठेवला आणि दोष एका गाडीवर घातला, हे मी पहिल्यांदा बघत होते. पंगतीला नुसती बसले. पानाभोवती पाणी फिरवून उठले.

स्टेजवर गेलो तेव्हा सृष्टीनं मामाचा हात दोन्ही हातांत घेतला. "मामा, किती वाट बघितली मी. कुठं बंद पडली कणीक?"

आता ते सांगतील, असं मला वाटलं. सांगायलाच हवं होतं. शेजारी करण उभा होता, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"राहात्यापाशी," मच्छिंद्रभाऊ म्हणाले. "वायर तुटली हुती. तू जेवली का?"

"नाही अजून."

"आधी जेव. भुकेनं तुझं डोकं दुखतंय." मग फोटोवाल्यानं त्यांना जरा कडेला सरकायला सांगितलं आणि ते सरकले.

आम्ही परत पायीच निघालो. करणनं गाडीतून सोडतो म्हणून विचारलं होतं, मच्छिंद्रभाऊ नको म्हणाले. ऊन कललं होतं, कारखान्याकडून मळीचा वास येत होता. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडकी पडली होती. ते पायानं एकेक कडेला करत चालले होते, कोणाची मोटारसायकल घसरू नये म्हणून. मी नामस्मरण करायचा प्रयत्न केला, पण मन लागेना. शेवटी न राहवून म्हटलं, "मच्छिंद्रभाऊ, तुम्ही खोटं का बोललात? पोरीला कळायला नको का?"

"आज कळून काय करनार ती? सासरी जाताना भावावर रागवून जाईल. मग माहेरी कुनाच्या तोंडाकडं बघून यायचं तिनं?"

"आणि तुमचं काय?"

ते थोडं चालले. "मला वाईट वाटलं, वहिनी," ते म्हणाले. "न्हाई म्हनत न्हाई. त्या पोरीच्या मागं उभं ऱ्हायचं माझ्या लई मनात हुतं."

फेटा काढून त्यांनी खांद्यावर टाकला. देऊळ दिसायला लागलं, लिंबाखालचं लाल दारही. ते देवळाच्या पायरीशी थांबले. मला वाटलं, मारुतीला नमस्कार करायला थांबलेत, म्हणून मीही हात जोडले. पण ते माझ्याकडंच बघत होते.

"वहिनी, एक इनंती हाय. आई तुमालाच इचारंल. माझ्यावर तिचा भरवसा न्हाई, मी झाकून बोलतो हे तिला ठावं हाय. तुमी खोटं बोलत न्हाई, हे बी ठावं हाय. तिला खरं कळलं तर ती करनला पुन्हा उंबरा चढू द्यायची न्हाई, आन मग साळू बी यायची बंद हुईल. लई दिस ऱ्हायलं न्हाईत आईचं. तुमी तिला एवढंच सांगा, गाडी राहात्यापाशी बंद पडली, म्हनून मच्छिंदरला उशीर झाला."