गावकी काही बोलली नाही

आमची शुभदा लहानपणापासून तंद्रीतली. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं की दूध उतू जायचं आणि ही खिडकीतून सावित्री नदीच्या पाण्याकडे बघत उभी. अशी मुलगी १९९८ साली मुंबईच्या कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र आणि कैद्यांचं पुनर्वसन शिकायला गेली, तेव्हा महाडची अख्खी बाजारपेठ हसली. मीही हसलो. मी शरद, तिचा चुलतभाऊ, माझं वह्यापुस्तकांचं दुकान. दर सुट्टीत मी विचारायचो, "तुरुंगात जायला कॉलेज कशाला लागतं गं?" ती चिडायची नाही. "दादा, आत टाकणं सगळ्यांना जमतं. परत घरी कसं आणायचं, ते आम्ही शिकतो."

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या प्रत्यक्ष कामात तिच्याकडे चांगूचं प्रकरण आलं. डोंगरावरच्या कुडपण गावच्या चांगूने बांधाच्या भांडणात तिथल्याच साळूबाईच्या मुलाला कोयत्याने ठार मारलं होतं. अकरा वर्षं तो आत होता. मुदतीआधी सुटकेचा अर्ज होता, आणि गाव त्याला परत घेईल का, हे शुभदाने बघून लिहायचं होतं. त्याची आई जानकीबाई अंथरुणाला खिळलेली. तुरुंगात त्याने शुभदाला एवढंच विचारलं होतं, "ताई, आय हाय ना?"

पौषात आम्ही दोघं कुडपणला चढलो. धुकं इतकं, की पुढे चालणारी शुभदा मधेच नाहीशी व्हायची. खालची दरी दिसत नव्हती, वरचं गाव दिसत नव्हतं. आपण झोपेतच चालतोय असं मला वाटत होतं.

देवळाच्या पडवीत गावकी, म्हणजे गावची जाणती मंडळी, बसली. शुभदाने विचारलं, "चांगू आला तर चालेल का?" कोणी बोलेना. पानाचा डबा फिरला. तिने पुन्हा विचारलं. चकार शब्द नाही. खांबाआड साळूबाई उभी होती, तीही गप्प. मग गावकी उठली आणि एकेक जण धुक्यात विरून गेला.

"लिही, गावाचा विरोध," मी म्हणालो. मला थंडी वाजत होती आणि एसटी गाठायची होती. तिने पायरीवर बसून तसं लिहिलं. तिचे डोळे भरले होते.

उतरणीला मागून साळूबाईची हाक आली. "गो पोरी, मग चांगू कवा येतोय?"

"येत नाही. गाव काही बोललंच नाही ना."

"नाय म्हनायचं असतं तर बोलले असते! आमच्यात हरकत असल तोच बोलतो."

"आणि तुम्ही?"

म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला. "मला त्याचं तोंड बघायचं नाय. पन दोघी आयांनी वाट बघून काय करायचं? एकीचा तरी येऊ दे."

शुभदाने तिथेच, रस्त्यावर, तो कागद फाडला आणि गुडघ्यावर दुसरा लिहिला. माझी मान वर होत नव्हती. एका म्हाताऱ्या बाईचा मुलगा मी थंडीपायी अडकवून ठेवला असता.

चांगू वैशाखात सुटला. आम्ही त्याच्याबरोबर वर गेलो. पडवीत गावकी बसलेली होती. तो खाली मान घालून समोरून गेला, जानकीबाईच्या दारात वाकला. साळूबाई पलीकडच्या अंगणात पाठ करून नाचणी पाखडत होती. तिचं सूप क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

कोणी काही बोललं नाही. शुभदा मात्र माझा दंड घट्ट धरून हमसाहमशी रडत होती.