आमची विकतची यारी

भाड्याच्या यारीवर माझा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. विहीर खोल करायची तर तळाचा दगड-मुरूम वर काढायला यारी लागतेच. काठावर उभा केलेला लोखंडी खांब, त्याचा लांब हात, हाताने फिरवायची दातेरी चाकं आणि दोराला टांगलेला मोठा डोल. नशिराबादच्या अलीकडे आमचं शेत, आणि त्या शिवारात तेव्हा सगळेच यारी भाड्याने आणत. विहिरीत उतरून काम करायला चैत्र-वैशाखच काय तो मिळतो, त्यामुळे यारी सगळ्यांना एकाच वेळी हवी. आमच्याकडे ती लागोपाठ दोन उन्हाळे आली. पहिल्या वर्षी काम अर्ध्यावर असताना उचलून दुसऱ्याच्या विहिरीवर नेली. दुसऱ्या वर्षी आली तीच वैशाख सरता सरता. यारीवाल्याला मात्र रोज ताटात गोड लागायचं. याच्यापेक्षा जावई परवडला, असं मी एकदा चुलीपाशी बोलले आणि ते नेमकं नानांच्या कानावर गेलं.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांचा कौल भाड्याच्या बाजूला. "मोडलं-तुटलं तं त्यानं पाहावं. आपन काऊन डोक्याले ताप करून घ्यावा?" असं त्यांचं म्हणणं. आमचे हे नानांसमोर नानांचे आणि माझ्यासमोर माझे. पण दोन्ही उन्हाळ्यांत केळीचा बाग पाण्यावाचून पिवळा पडताना मी पाहिला होता. तिसऱ्यांदा तो पाहायची माझी तयारी नव्हती.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. फाल्गुनात मी माहेरी धुळ्याला गेले होते. देवपुरात आमच्या घरामागे एका मारवाडी व्यापाऱ्याचं आवार होतं, आणि तिथे एक यारी गंजत पडलेली मला दिसली. मोठ्या चाकाचे दोन दाते उडालेले, बाकी सगळं जाम. व्यापारी वडिलांच्या ओळखीचे. मी विचारलं तर ते म्हणाले, "बेटी, घ्यायची असेल तर आधी ऐकून घे. हिच्यावर एक माणूस गेला आहे. दोर झिजला होता, मालकाने बदलला नाही. लपवून मी विकणार नाही." म्हणूनच ती भंगाराच्या भावात मिळत होती.

मी रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत विचार केला. दोर झिजला हा मालकाचा आळस. लोखंडाने काय केलं होतं? यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. हे आले, यारीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "मले पटते. पन नानाले कोन सांगीन?"

"मी सांगेन," म्हटलं.

आणि सांगितलं, माणूस गेल्याचंसुद्धा. नाना चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण लॉरीतून यारी उतरली तेव्हा गोठ्याशेजारची जागा त्यांनीच झाडून ठेवलेली होती.

कापसाचा हंगाम संपला की जळगावच्या जिनिंगमधल्या मिस्तरींना काम नसतं. त्यांच्यातलाच एक जाणता मिस्तरी यांनी आणला. उडालेल्या दात्यांच्या जागी त्याने भोकं पाडली, त्यांत पोलादी खुंट्या पिळून बसवल्या आणि कानशीने घासून घासून त्यांचे दाते केले. डोल खाली सोडताना वेग आवरायला एक ब्रेक होता: दोर गुंडाळायच्या लोखंडी पिंपाला आवळून धरणारा पट्टा. त्याचं आतलं चामडं कुजलेलं. आमची जुनी मोट पडून होती, तिचं चामडं कापून त्याने तिथे लावलं. तारेचा दोर मात्र कोरा करकरीत आणला. पंधरा दिवस मी चहा देण्याच्या निमित्ताने तिथेच. कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं हे मला पाठ झालं. यारी पहिल्यांदा कुरकुर न करता फिरली तेव्हा मला इतका आनंद झाला की घरात येऊन उगाच भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी खोदणारी टोळी आली, साक्रीकडची. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने यारीभोवती फिरून पाहिलं, तिच्या आकड्यावरून हात फिरवला आणि बाजूला जाऊन बसला. मागोमाग सगळी टोळी बसली.

"अक्का, हाई यारी मी वळखस," तो मला म्हणाला. "पिंपळनेरकडे हिनावर मानूस मरेल शे. मना बठ्ठा लोकेस्ना पोरेसोरे शेतस."

नवा दोर दाखवला, दाते दाखवले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांची रीत सांगितली. असल्या यारीखाली टोळी उतरायची तर आधी मालकाने डोलात बसून तळाला जायचं, आणि ब्रेकचा दांडा त्याच्या बायकोने धरायचा. दुसऱ्या कुणी नाही. ज्याची यारी त्याच्याच घरचा जीव आधी टांगून पाहायचा, असा त्यांचा हिशेब, आणि तो मला चुकीचा वाटला नाही. टोळी परत गेली असती तर तो उन्हाळाही गेलाच, आणि घरात माझ्या शब्दाला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

हे निमूट डोलात बसले. मी दांडा धरला. मिस्तरीने चाक मोकळं केलं, मी दांडा हळूहळू सैल सोडत गेले. एक परसभर, म्हणजे पुरुषभर खोलीपर्यंत, सगळं ठीक चाललं. मग दांडा आवळला तरी पिंप थांबेना. पट्टा सरसर घसरत होता आणि दोर सुटत चालला होता. मी सगळं अंग दांड्यावर टाकलं. मिस्तरीने हातातला लाकडी ओंडका दात्यांत कोंबला. चाकं कडाडली आणि थांबली.

खालून काही ऐकू येईना. मग आवाज आला, "हाये मी, हाये. गुडघा लागला फक्त."

मला रडू आलं आणि मी रडले. यांना वर काढलं. टोळीतले लोक पहारी गोळा करायला लागले होते. मुकादम यारीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मिस्तरी खाली वाकला, पट्ट्याला बोट लावलं आणि हुंगलं.

तेव्हा मला कळलं. सकाळी यारीची पूजा केली होती. नव्या वस्तूला तेल-हळद लावतात तशी मी यारी वरपासून खालपर्यंत तेलाने चोपडली होती. कोनाकोपरा सोडला नव्हता, पिंपसुद्धा. ती यारी घेऊ नका म्हणणाऱ्यांना दिसावं की आम्ही हिचं किती करतो, असंही थोडं मनात होतं.

गप्प बसले असते तर दोष त्या मेलेल्या माणसाच्या माथी गेला असता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "यारीचं काही नाही. ब्रेकला तेल मी लावलं."

"वहिनी," मिस्तरी म्हणाला, "सायकलच्या ब्रेकले कोनी तेल लावते का?" टोळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. नाना दुसरीकडे बघत उभे राहिले.

पट्टा सोडवला. मोटेचा नवा तुकडा कापून लावला. पिंप मी स्वतः राखेने आणि विटेच्या भुकटीने घासलं, बोट फिरवलं तर कोरडं लागेपर्यंत. हे लंगडत पुन्हा डोलाकडे निघाले. मी म्हटलं, "आता मी बसते. तुम्ही दांडा धरा."

नानांनी पुढे होऊन डोलाचा आकडा ओढून पाहिला.

आपल्याच विहिरीत मी कधी उतरले नव्हते. दगडाचे थर एकेक करून वर जात होते, आकाश लहान होत होतं. डोल इतका सावकाश उतरला की मला यांच्या हातांची दया आली. तळाला घोटाभर पाणी होतं, भर वैशाखात थंडगार. मी पाय बुडवून जरा वेळ उभी राहिले. भीती गेली होती असं नाही, पण तिथून निघावंसंही वाटेना.

वर आले तेव्हा मुकादम उठून उभा होता. त्याने डोलाच्या काठाला हात लावून कपाळाला लावला आणि आत बसला. यांनी दांडा आवळायला हात पुढे केला तर तो म्हणाला, "तुम्ही नही, भाऊ. दांडा अक्काले धरू द्या. तिनी एक डाव चूक करेल शे. आते तिनी नजर हटनार नही."

हे बाजूला झाले. मी पदर खोचला, दांडा धरला आणि त्याला खाली सोडायला लागले. त्याचे पाय पाण्यात पडल्याचा आवाज वर येईपर्यंत मी पिंपावरून डोळे काढले नाहीत.